जुळणी डायपोलपाशीच हवी



१४ मेगाहर्ट्झच्या तीन घटकांच्या यागीत मधल्या डायपोलचा रोध अनेकदा २५ ओहमच्या आसपास उतरतो; तेव्हा रेडिओशेजारी ट्यूनर लावला की भागते, असे मागील अंकातले पत्रलेखक म्हणतात. मला ते पटत नाही. ट्यूनर ट्रान्समीटरला ५० ओहम दाखवतो, केबलवरचा २:१ एसडब्ल्यूआर जिथल्या तिथेच राहतो. आखूड केबलमध्ये त्याने होणारे जादा नुकसान किरकोळ असते, हे मान्य. पण मूळ जागीच इलाज इतका सोपा असताना तो टाळायचा कशासाठी? डायपोल किंचित आखूड केला, की २५ ओहम रोधाच्या जोडीला तेवढाच धारक अवरोध येतो. मग फीडच्या दोन टोकांमध्ये ५० ओहमचे, म्हणजे सुमारे ०.५६ मायक्रोहेन्रीचे वेटोळे जोडले की ५० ओहम मिळतात. अडीच सेंटिमीटर व्यासाचे, तेवढ्याच लांबीत बसवलेले जाड तांब्याच्या तारेचे सहा वेढे पुरतात. ते जरासे ताणून किंवा दाबून एसडब्ल्यूआर मीटरचा काटा नेमका खाली आणता येतो, आणि हे काम फार समाधानाचे आहे. डायपोल आखूड केल्याने गेन घटेल, ही भीती अनाठायी आहे. गेन मुख्यतः रिफ्लेक्टर-डायरेक्टरची लांबी आणि अंतरे ठरवतात. बालन मात्र तरीही लागेलच, कारण वेटोळे केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवत नाही.

– एक वाचक