बोनेटखालची मक्तेदारी

‘बायकांना यंत्रातले काही कळत नाही’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की ते आता शिवीसारखे लागतही नाही. ‘बायकांना राजकारणातले कळत नाही’ असे कुणी म्हणाले तर आपण उसळून उठतो. कायद्यातले, हिशेबातले, शेतीतले कळत नाही म्हणाले तरी चार उदाहरणे तोंडावर फेकतो. पण गाडीचे बोनेट उघडले की आपल्यातल्या भल्याभल्या दोन पावले मागे सरतात आणि म्हणतात, ‘दादा, काय ते बघा आणि किती झाले ते सांगा.’ ही दोन पावले काही निसर्गाने मागे घ्यायला लावलेली नाहीत. ती अंगी बाणवलेली शिस्त आहे, आणि तिची किंमत चळवळ मोजते आहे.

कशी ते पाहा. गावोगाव काम करणाऱ्या गटांकडे एखादी जुनी जीप किंवा व्हॅन असते. ती चैनीची वस्तू नव्हे. रात्री अकराला मार खाल्लेल्या बाईचा फोन येतो तेव्हा तिला सरकारी दवाखान्यात आणि मग पोलीस ठाण्यात नेणारे दुसरे काही नसते. ती गाडी घाटात तापून उभी राहिली तर त्या बाईचे काय होईल, हे आपल्याला सांगायला नको. आणि ‘गाडी आज निघणार नाही’ हे वाक्य खरे की खोटे, हे तपासण्याची ताकद गटातल्या एकीकडेही नसेल, तर कार्यक्रम कोण ठरवते? आपली कार्यकारिणी, की ते वाक्य उच्चारणारा?

म्हणून आज एकच बिघाड घेऊ. गाडीतले पाणी कमी होते आणि काटा लालवर जातो.

इंजिनात इंधन जळते, धातू तापतो. त्या धातूच्या पोटातून कुलंट, म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण, सतत फिरते. ते उष्णता उचलते, रेडिएटरमध्ये जाऊन निवते आणि परत येते. त्याला फिरवतो तो वॉटर पंप, ज्याला गॅरेजमध्ये बऱ्याचदा ‘वॉटर बॉडी’ म्हणतात. सगळा कारभार बंदिस्त आणि दाबाखाली चालतो, कारण दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो. आता सांगा, हे आपल्याला नवीन आहे का? रोज सकाळी आपण प्रेशर कुकर लावतो तो याच नियमावर. रबर सैल झाले की कुकर कसा फुसफुसतो आणि शिट्टी का होत नाही, हे ओळखायला आपण कुणा दादाला बोलावत नाही. कुकरचे रबर आणि इंजिनाचे पॅकिंग एकाच घरातले. दाब उतरल्याशिवाय कुकर उघडू नये हे जिला कळते, तिला गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण का उघडू नये हे वेगळे सांगावे लागत नाही. उघडले तर उकळते पाणी तोंडावर येते. मग स्वयंपाकघरात जे ‘बायकी काम’ असते, तेच बोनेटखाली गेले की ‘तांत्रिक ज्ञान’ कसे होते?

गळती शोधणे म्हणजे तरी काय? क्रमाने प्रश्न विचारणे. इंजिन पूर्ण थंड असताना टाकीतली पातळी पाहायची. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकायचा आणि सकाळी डाग कुठे पडला ते पाहायचे. साधे, बिनरंगी पाणी असेल तर ते बहुधा एसीचे असते, त्याची काळजी नको. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी, गोडसर वासाचा डाग असेल तर ते कुलंट. मग होज पाइप, त्यांच्या क्लिपा आणि रेडिएटरचे सांधे तपासायचे. वाळलेल्या कुलंटचा पांढरट किंवा रंगीत खरपुडा गळतीची वाट दाखवतो. पुढच्या सीटखालची चटई ओली असेल तर हीटरवर संशय. बाहेर कुठेच डाग नाही, पाणी मात्र कमी होते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, ऑइल दुधाळ झाले आहे, अशा खुणा असतील तर हेड पॅकिंगचा संशय रास्त.

आणि वॉटर पंप? त्याच्या अंगाला मुद्दाम ठेवलेले एक बारीक छिद्र असते. आतले सील झिजले की तिथून कुलंट ठिबकू लागते. म्हणजे बनवणाऱ्यानेच बिघाड सांगणारी खिडकी ठेवली आहे. इंजिन बंद करून पंपाची पुली हाताने हलवून पाहायची. ती डगमगली तर बेअरिंग गेले. चालू इंजिनात पुढून घरघर येते तीही बऱ्याचदा त्याचीच.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाच्या जीपची हीच तक्रार होती. गॅरेजमध्ये पाच मिनिटांत निकाल लागला. हेड पॅकिंग गेले, इंजिन उघडावे लागेल, आठवडा जाईल. आमच्या एका कार्यकर्तीने विचारले, ‘प्रेशर लावून पाहिले का?’ उत्तर आले, ‘ताई, तुमच्यातले कुणी साहेब नाही का आले?’ ती हलली नाही. हातपंपासारखे एक साधन रेडिएटरच्या तोंडाला लावून दाब भरतात आणि काटा उतरतो का, थेंब कुठून येतो ते पाहतात. दहा मिनिटांचे काम. थेंब आला तो पंपाच्या त्या छिद्रातून. पंप बदलला आणि संध्याकाळी जीप परत मिळाली.

या गोष्टीचा अर्थ ‘मिस्त्री लबाड असतात’ असा काढू नका. मिस्त्रीही कष्टकरीच आहे. कितीतरी मिस्त्री शाळेच्या वयात पाने पुसत शिकलेले असतात, त्यांचे ज्ञान कुठल्या प्रमाणपत्रावर नसते. पण जिथे एक बाजू विचारतच नाही, तिथे दुसऱ्या बाजूला पुरावा द्यायची सवय लागत नाही. डॉक्टरला, तलाठ्याला, फौजदाराला आपण कागद मागायला शिकलो. इथेही तेच मागायचे आहे. कुठून गळते ते दाखवा, काढलेला जुना पंप हातात द्या, बिलावर भागाचे नाव लिहा.

आता कुणी म्हणेल, हे क्षेत्रच पुरुषांचे. इतिहास काय सांगतो? मोटारीचा पहिला लांब पल्ल्याचा प्रवास १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ यांनी केला. सोबत दोन मुलगे, मॅनहाइम ते फोर्त्झहाइम, सुमारे शंभर किलोमीटर. त्या गाडीचे इंजिन पाण्याच्या वाफेवाटे निवायचे, म्हणून वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले. इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. लग्नाआधीच त्यांनी आपल्या हुंड्याचा पैसा होणाऱ्या नवऱ्याच्या धंद्यात घातला होता. पेटंटवर नाव मात्र नवऱ्याचे.

आणि आपल्याकडे? १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २२ व्या कलमात तरतूद होती की, चालू असलेल्या मुख्य यंत्राचे किंवा शक्ती वाहून नेणाऱ्या यंत्रणेचे भाग साफ करणे, त्यांना तेल देणे, ते जुळवणे, हे काम कोणत्याही स्त्रीला किंवा अल्पवयीनाला करू देऊ नये. स्त्री आणि अल्पवयीन, एका दमात! कारण दिले जाई सुरक्षिततेचे. पण चालू यंत्रात पुरुषाचा हात तुटत नाही काय? यंत्र सगळ्यांसाठी सुरक्षित करण्याऐवजी बाईलाच त्याच्यापासून दूर केले. १९७४ साली टेल्कोने इंजिनिअरांसाठी जाहिरात दिली तिच्यात स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. बंगलोरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. पुण्याला मुलाखत झाली आणि नोकरी मिळाली. आज त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात बायका गाड्या जुळवतात. म्हणजे अडसर हाताच्या बळाचा नव्हता, दारावरच्या पाटीचा होता.

‘मोटार कुणाकडे आहे? हा मध्यमवर्गीय प्रश्न,’ असा आक्षेप आपल्यातूनच येईल. तर मग वॉटर पंप सोडा, हातपंप घ्या. गावोगाव दिसणाऱ्या ‘इंडिया मार्क टू’ पंपाची मुळे आपल्याच जालना आणि सोलापूरच्या पंपांत आहेत. पाणी भरायचे बाईने, आणि पंप बिघडला की वाट पाहायची सरकारी माणसाची! उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमातून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दलित आणि आदिवासी बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. लोखंडी पाइप उपसून वॉशर बदलू लागल्या. ज्यांच्या स्पर्शाने पाणी विटाळते असे सांगितले जाई, त्याच हातांनी सगळ्या गावाचे पाणी सुरू केले. यंत्र हा प्रश्न वर्गाचा आहे, जातीचाही आहे आणि बाईपणाचाही आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ‘घर, शेत, संघटना, आणि आता गाडीही आम्हीच बघायची?’ नाही. आणखी एक बिनपगारी काम अंगावर घ्या असे मुळीच म्हणायचे नाही. पंप बदलण्याचे काम मिस्त्रीकडे जाऊ द्या आणि त्याची मजुरी चोख द्या. पण ते काम काय असते ते आपल्याला ठाऊक हवे. जुने कुलंट भांड्यात काढायचे. ते विषारी आणि गोड असते, गटारात किंवा अंगणात ओतायचे नाही. पट्टा उतरवायचा, पंप काढायचा, जुन्या पॅकिंगचा कण न् कण खरवडायचा, नवे पॅकिंग बसवून बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळायचे. काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो. तिथे बेल्टही त्याच वेळी बदलून घेणे शहाणपणाचे. शेवटी कुलंट भरून आतली हवा काढायची आणि पंखा चालू होईपर्यंत इंजिन चालवून पाहायचे. हे जिला माहीत आहे तिला ‘आठवडा जाईल’ असे सहज सांगता येत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत कायद्याच्या सत्राशेजारी एक सकाळ गाडीसाठी ठेवा. थंड इंजिनाची गाडी अंगणात उभी करा, शिकवायला एखादा मिस्त्री बोलवा आणि त्याचे मानधन द्या. बोनेट आपण उघडायचे. ड्रायव्हरला फक्त किल्ली मागू नका, गाडीची वही मागा. पाणी केव्हा भरले, किती भरले, पट्टा केव्हा बदलला हे तिच्यात लिहिण्याची पाळी दर महिन्याला नव्या कार्यकर्तीकडे द्या. आपल्या मुलींना आयटीआयचा अर्ज भरताना शिवणकामाच्या रकान्यावरच पेन थांबवायला लावू नका. हात काळे होतील, ते धुता येतात. ‘तुला नाही कळणार’ हा डाग मात्र आपोआप जात नाही. तो पान्हा हातात घेऊनच काढावा लागेल.