शब्दनय आणि परक्या देशातील स्वयंपाकघर

इंग्रजीतील 'ग्लास' हा शब्द स्लोव्हेनियन भाषेत न्यावयाचा असेल, तर प्रथम एक प्रश्न विचारावा लागतो : कोणता ग्लास? पाणी पिण्याचा असेल तर तो 'कोझारेत्स'. खिडकीची काच असेल तर 'स्तेक्लो'. आजोबांच्या नाकावरचा चष्मा असेल तर 'ओचाला'. 'आयर्न' या शब्दाचेही तसेच. लोखंड म्हणजे 'झेलेझो', आणि कपड्यांची इस्त्री म्हणजे 'लिकाल्निक'. कोशात पाहून पहिला सापडलेला शब्द उचलला, तर पाण्याऐवजी काच मागितली जाईल आणि इस्त्रीऐवजी लोखंडाचा तुकडा.

आल्प्स पर्वत आणि ॲड्रिॲटिक समुद्र यांच्यामध्ये वसलेल्या स्लोव्हेनियाची लोकसंख्या जेमतेम एकवीस लाख आहे. 1991 मध्ये तो देश स्वतंत्र झाला आणि 2004 मध्ये युरोपीय संघात सामील झाला. कोपेर हे त्याचे मालवाहतुकीचे एकमेव सागरी बंदर. आपल्या समाजातील निर्यातदारांना या बंदराचे नाव परिचित असेल. इतक्या लहान देशाची भाषा आपण कशासाठी समजून घ्यावी, असे कोणी विचारील. उत्तर असे की, घरगुती शब्द एका भाषेतून दुसरीत नेताना काय काय सांभाळावे लागते, हे तेथे फार स्पष्ट दिसते. आणि ज्याला ते सांभाळावे लागते, त्याला आपल्या शास्त्रांतील नयविचार अगदी जवळचा वाटू लागतो.

सात नयांपैकी शेवटचे तीन, म्हणजे शब्दनय, समभिरूढनय आणि एवंभूतनय, शब्दाच्या अर्थाशी निगडित आहेत. स्वाध्यायात आपण इंद्र, शक्र, पुरंदर हे उदाहरण नेहमी ऐकतो. व्यक्ती एकच, परंतु ऐश्वर्यामुळे इंद्र, सामर्थ्यामुळे शक्र आणि नगरे भेदल्यामुळे पुरंदर. हेच तीन नय घेऊन आता स्लोव्हेनियन घरात प्रवेश करू.

शब्दनय सांगतो की लिंग, संख्या, काल यांचा भेद झाला की अर्थाचाही भेद होतो. इंग्रजीत एक 'कप' आणि पुढे सगळे 'कप्स'. स्लोव्हेनियनमध्ये एक कप 'स्कोदेलित्सा', दोन कप 'स्कोदेलित्सी', तीन किंवा चार कप 'स्कोदेलित्से' आणि पाच कप 'स्कोदेलित्स'. कारण त्या भाषेत एकवचन आणि अनेकवचन यांच्या जोडीने द्विवचनही जिवंत आहे. संस्कृतात द्विवचन होते. प्राकृतात ते उरले नाही. आचार्य हेमचंद्रांनी आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात प्राकृताचे नियम सांगताना द्विवचनाच्या जागी बहुवचन योजावे असे स्पष्ट केले आहे. प्राकृताची लेक असलेल्या मराठीतही ते नाही. युरोपातील बहुतेक भाषांनीही ते सोडले, पण स्लोव्हेनियन माणूस बाजारात आणि स्वयंपाकघरात ते रोज बोलतो.

'आम्ही घरी आहोत' या साध्या वाक्याचे भाषांतर तेथे घरात किती माणसे आहेत हे कळल्याशिवाय होत नाही. पती-पत्नी दोघेच असतील तर 'मिद्वा स्वा दोमा'. दोघीच बहिणी असतील तर 'मिद्वे'. मुलेबाळे धरून सारे कुटुंब असेल तर 'मी स्मो दोमा'. इंग्रजी 'वुई' ही माहिती देतच नाही. 'दोम' म्हणजे घर, आणि वेदांतील 'दम' या घरवाचक शब्दाशी त्याचे सख्खे नाते आहे. भाषाशास्त्रज्ञांच्या मते आपल्या 'दंपती' शब्दातही तोच 'दम' आहे, आणि पती-पत्नी या अर्थाचे 'दंपती' हे मुळात संस्कृतातील द्विवचनच. घर आणि घरातील दोघे, असे दोन्ही त्या एका शब्दात आहे. आपण लग्नपत्रिकेत तो सहज छापतो. ज्या भाषेत दोघांसाठी आजही वेगळे क्रियापद वापरतात, तिच्याकडे पाहिले की आपल्या या शब्दाची थोरवी नव्याने जाणवते.

याच्या उलट प्रकारही आहे. दार एकच असले तरी 'व्राता' हा शब्द नेहमी अनेकवचनी, म्हणून 'दारे उघडी आहेत' असेच म्हणावयाचे. डोळे, हात, पाय या निसर्गतः दोन असणाऱ्या गोष्टींना मात्र द्विवचन लावत नाहीत. जे दोनच असणार ते वेगळे सांगण्याची गरज त्या भाषेला वाटत नाही. म्हणजे केवळ मोजणीचा नियम पाठ करून भागत नाही, त्या लोकांची पाहण्याची रीतही समजून घ्यावी लागते.

समभिरूढनय सांगतो की दोन समानार्थी शब्दही व्युत्पत्तीने भिन्न अर्थाचे असतात. इंग्रजीत जिला 'स्टोव्ह' म्हणतात, त्या शेगडीला ग्रांथिक स्लोव्हेनियनमध्ये 'श्तेदिल्निक' हा शब्द आहे. त्याच्या मुळाशी काटकसर करणे हे क्रियापद आहे. आजीच्या तोंडी मात्र 'श्पोरहेत' असतो. तो जर्मनातून आलेला आहे आणि त्याचा मूळ अर्थही इंधन वाचवणारी चूल असाच. शतकानुशतके त्या प्रदेशावर जर्मनभाषक राजवट होती, त्यामुळे घरातील वस्तूंना जर्मन नावे चिकटली. पुढे विद्वानांनी स्वभाषेतील नावे रूढ केली, तरी जुनी नावे घरात टिकून राहिली. वस्तू एकच, पण एका शब्दात शाळा बोलते, दुसऱ्यात माजघर. कथेतील आजीच्या तोंडी 'श्तेदिल्निक' घालणारा अनुवादक अर्थाने चुकत नाही, पण आजी हरवून बसतो.

साखरेचेही असेच. कोशातील शब्द 'स्लात्कोर', म्हणजे जी गोड करते ती. बोलण्यात 'त्सूकेर'ही ऐकू येतो. या दुसऱ्या शब्दाचा माग काढला तर जर्मन, इटालियन, अरबी, फारसी असे टप्पे घेत आपण प्राकृत 'सक्करा' आणि संस्कृत 'शर्करा' यांच्यापर्यंत पोहोचतो. आल्याला तेथे 'इंग्वेर' म्हणतात. तोही 'शृंगवेर' या आपल्या शब्दाचा दूरचा वंशज. व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून माल जातो, तशी त्याची नावेही जातात.

एवंभूतनय त्याहून काटेकोर. वस्तू जेव्हा ती क्रिया करीत असेल, तेव्हाच तिला ते नाव द्यावे असे तो म्हणतो. स्लोव्हेनियन घरातील उपकरणांची नावे पाहिली तर या नयाची आठवण होते. 'ह्लादिल्निक' म्हणजे थंड करणारा, आपला फ्रीज. 'सेसाल्निक' म्हणजे शोषून घेणारा, अर्थात व्हॅक्यूम क्लीनर. संगणकही हिशेब करणारा म्हणून 'राचुनाल्निक'. आपल्याकडे 'शीतकपाट' हा शब्द कागदावरच राहिला, तेथे 'ह्लादिल्निक' सर्वांच्या तोंडी आहे. वीज गेली की एवंभूतनयाने तो ह्लादिल्निक राहत नाही, हे मुलांना सांगून पाहावे. पाठशाळेत हा नय समजावण्यास इतके सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.

आता ज्या ठिकाणी भाषांतराचा संबंध थेट आपल्या आचाराशी येतो, तेथे येऊ. शिक्षणासाठी किंवा व्यवसायासाठी आपली मुले युरोपात जातात. तेथील दुकानात पाकिटावरचा मजकूर देशाच्या भाषेत असतो आणि हातातील मोबाइल त्याचे इंग्रजी करून देतो. तेवढ्यावर विसंबू नये. 'मास्लो' म्हणजे लोणी. 'मास्त' म्हणजे चरबी, आणि ती बहुधा डुकराची. उच्चारात एवढासा फरक, पण आचारात केवढा! 'मेद' हा शब्द वाचून आपल्याला चरबी आठवेल, पण तेथे त्याचा अर्थ मध. तो संस्कृत 'मधु'चा भाऊबंद. मधमाशीपालन हे त्या देशाचे भूषण मानले जाते, त्यामुळे मध अनेक गोड पदार्थांत असतो. 'याय्त्सा' म्हणजे अंडी. 'चेबूला' कांदा, 'चेसेन' लसूण. बटाट्याचे नाव 'क्रोम्पीर', जर्मन बोलीतील 'जमिनीतील नाशपाती' या अर्थाच्या शब्दावरून आलेले. कंदमूळ वर्ज्य करणाऱ्याला हा शब्द स्वतःच सूचना देतो. 'ब्रेझ' म्हणजे विना आणि 'व्सेबूये' म्हणजे समाविष्ट आहे. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वाचले गेले, तर अर्थ उलटा होतो.

'कोझित्सा' हा शब्द भांड्यांच्या दुकानात दांड्याचे लहान पातेले असतो, आणि उपाहारगृहाच्या यादीत त्याचेच अनेकवचन कोळंबी होते. 'चाय' ऐकून आपल्याला हायसे वाटते, परंतु तेथे कोणत्याही वनस्पतीच्या काढ्याला 'चाय' म्हणतात. आपला चहा हवा असेल तर 'चर्नी चाय', म्हणजे काळा चहा, असे सांगावे लागते. चीजच्या पाकिटावरचा 'सिरीलो' म्हणजे दूध विरजण्याचे द्रव्य. भाषांतर अचूक झाले तरी ते वासराच्या जठरातून काढलेले आहे की सूक्ष्मजीवांपासून बनवलेले, हे तो शब्द सांगत नाही. येथे कोश संपतो आणि विचारपूस सुरू होते.

व्यापारातही हेच लागू आहे. स्लोव्हेनियात विकल्या जाणाऱ्या मालावरील सूचना तेथील भाषेत असाव्या लागतात. आपल्या स्टेनलेस स्टीलला ते 'नेर्याव्नो येक्लो' म्हणतात, म्हणजे न गंजणारे पोलाद. भांड्यांच्या पेटीवर मजकूर छापण्यापूर्वी ज्या गृहिणीच्या ओट्यावर ते भांडे जाणार, तिच्या भाषेत ते काय करते आणि ते किती आहेत, हे त्या भाषेच्या जाणकाराकडून तपासून घ्यावे. 'दोन कप' असे छापताना द्विवचन चुकले, तर माल उत्तम असूनही तो परक्याने घाईत पाठवलेला वाटतो.

भाषासमितीचा अर्थ आपण हित, मित आणि प्रिय बोलणे असा करतो. त्यात निःसंदेह बोलणेही आहे. आपल्या मुलांना परदेशी पाठवताना लोणची-पापडांच्या डब्यांसोबत अशा वीस-पंचवीस शब्दांची एक यादी त्या देशाच्या भाषेत लिहून द्यावी : काय चालते, काय वर्ज्य आहे आणि दुकानदाराला नम्रपणे कसे विचारावे. ती यादी इंग्रजीवरून उतरवून न घेता, तेथे राहणाऱ्या माणसाला विचारून करावी.