उंदीर आणला कोणी?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंकेमागून उंदीर पळाला, की घराघरांतून एकच उद्गार निघतो, "मेले त्या पलीकडच्या झोपड्यांतून येतात!" बंगला चाळीकडे बोट दाखवतो, चाळ झोपडीकडे. उंदीर नेहमी दुसऱ्याचा!

वाचकहो, हा कांगावा जुना आहे. तपकिरी उंदराचे मूळ उत्तर चीन आणि मंगोलियाकडचे. पण अठराव्या शतकात इंग्रजांनी त्याला बिनदिक्कत 'नॉर्वेचा उंदीर' ठरवले. शास्त्रीय नावात बिचाऱ्या नॉर्वेची बदनामी आजही कायम आहे.

आणि काळा उंदीर? तो मूळचा आपल्याच भारतीय उपखंडातला! पण तो काही समुद्र पोहून युरोपला गेला नाही. माणसाच्या गलबतांतून आणि धान्याच्या पोत्यांतून गेला. रोमचे साम्राज्य वाढले तसा तो तिकडे पसरला, ते मोडले तसा घटला, आणि मध्ययुगात व्यापार वाढताच पुन्हा दाखल झाला, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. घरातल्या चिमुकल्या उंदराची सोयरीक तर याहून जुनी. जॉर्डनच्या खोऱ्यात सुमारे १५,००० वर्षांपूर्वी माणूस एका जागी राहू लागला आणि हा पाहुणा घरात शिरला. तेव्हा शेतीसुद्धा सुरू व्हायची होती!

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची किंमत आपण मोजलेली आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग उघडकीस आला तो मांडवीत, बंदरालगतच्या धान्याच्या वखारींपाशी. तेथे उंदीर मरून पडत होते. परंतु सरकारचा डोळा माणसांवर! १८९७ साली पुण्यात गोरे सोजीर घराघरांत, थेट देवघरापर्यंत घुसले. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवांचा हात दाखवून दिला. तरी ते सर्वमान्य व्हायला आणखी कित्येक वर्षे गेली. तोवर छळ झाला तो रयतेचा.

कोणी विचारील, "मास्तर, मग काय उंदराची आरती करायची?" मुळीच नाही. गणपतीच्या पायाशी जागा दिली तेवढा मान पुरे. खुशाल मारा. पण नुसत्या विषाने काय होणार? खाणे, पाणी आणि आडोसा शाबूत असला, तर उरलेले उंदीर बघता बघता उणीव भरून काढतात. मादीला पिले व्हायला जेमतेम तीन आठवडे लागतात.

तेव्हा आधी खाणे तोडा. धान्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवा, बिळे बुजवा, फराळाचे उष्टे-खरकटे गटारात लोटू नका. आणि झोपडीतल्या बाईला दोष देण्यापूर्वी एवढे पाहा, की तिला अशी कोठी परवडते का आणि तिच्या गल्लीत कचऱ्याची गाडी जाते का. आपल्या मेजवानीचा उकिरडा तिच्या दाराशी साचवायचा, त्यावर उंदीर पोसायचे आणि वर तिलाच घाणेरडी म्हणायचे, ही कुठली सभ्यता? बंगल्याच्या रस्त्यावर रोज येणारी गाडी तिच्याही गल्लीत रोज गेली पाहिजे. त्यासाठी नगरपालिकेत जाऊन भांडा. नुसती नाके मुरडून आजवर एकही उंदीर मेलेला नाही.