विषवाणिज्य आणि आपली पेढी

श्रावकाने वर्ज्य मानावयाच्या १५ कर्मादानांत विषवाणिज्याची गणना आपल्या आचार्यांनी केली आहे. त्यामुळे जैन व्यापाऱ्याने कीटकनाशकांचे दुकान चालवावे की नाही, हा प्रश्न आपल्या मंडळींत अधूनमधून निघतो. ज्यांनी हा धंदा वर्ज्य केला, त्यांच्याविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु कापूस व सोयाबीन पिकविणाऱ्या माळवा-निमाडात आपले काही बंधू या व्यापारात आहेत, ही वस्तुस्थिती होय. तेव्हा आमच्यापुढील प्रश्न निराळा आहे. पावती फाडली की विक्रेत्याचे कर्तव्य संपते काय? आमच्या मते ते तेथे संपत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात जे घडले, ते आपण विसरता कामा नये. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन ८०० च्या सुमारास शेतकरी व शेतमजूर रुग्णालयात दाखल झाले आणि २० हून अधिक दगावले. त्यांनी विष प्राशन केले नव्हते. कपाशी पुरुषभर उंच वाढलेली, फवारा तोंडाच्या पातळीवर, अंगातील सदरा भिजलेला आणि पंपात अनेकदा दोन-तीन औषधांचे मिश्रण! ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची विषे श्वासावाटेच नव्हे, तर कातडीतूनही शरीरात शिरतात आणि मज्जातंतूंच्या कार्यास आवर घालणारे विकर निकामी करतात. मग घाम व लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात आणि अखेरीस श्वास कोंडतो.

अशा वेळी शेतकऱ्याच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखविणे सोपे असते. परंतु भाद्रपदाच्या उन्हात रबरी हातमोजे व मुखवटा चढवून दिवसभर पाठीवर पंप वाहणे कितीजणांस साधेल? फवारणारा पुष्कळदा रोजंदारीचा मजूर असतो. डब्यावरील बारीक अक्षरे त्याच्या वाचनात येत नाहीत. कोणते औषध, किती प्रमाणात, कशात मिसळावे, हे त्याचा मालक दुकानदारासच विचारतो, आणि माल उधारीचा असला म्हणजे दुकानदार देईल तेच निमूटपणे घेतो. ज्याच्या शब्दावर माल उचलला जातो, त्याच्यावर त्या शब्दाची जबाबदारीही येते.

व्यापाऱ्याचा या प्रश्नाशी असलेला संबंध आजचा नाही. १९५८ साली केरळात पॅराथिऑन खाद्यमालाबरोबर वाहून नेले गेले आणि दूषित अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या अनुभवातून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. म्हणजे या कायद्याचे मूळ शेतात नसून मालाच्या वाहतुकीत आहे.

जहाल विषे विकावयाचे थांबविले तर पीक हातचे जाईल, असा आक्षेप घेतला जातो. श्रीलंकेचा अनुभव तसा नाही. तेथे १९९५ साली अतितीव्र विषांवर व १९९८ साली एंडोसल्फानवर निर्बंध आले. विष घेऊन मरणाऱ्यांची संख्या घटली, १९९५ ते २००५ या काळात आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, आणि शेतीचे उत्पन्न मात्र खालावले नाही.

म्हणून आपल्या संघाने पुढील नियम ठरावरूपाने स्वीकारावेत, असे आम्हांस नम्रपणे सुचवावयाचे आहे. डबा फोडून सुटे विष कोणीही विकू नये. धान्य-किराण्याशेजारी ते ठेवू नये. सौम्य पर्याय असताना लाल त्रिकोणाचा माल पुढे करू नये. लाल, पिवळा, निळा, हिरवा या क्रमाने विषाची तीव्रता उतरते. तरी हिरवा म्हणजे निर्विष नव्हे, हेही गिऱ्हाइकास सांगावे. मिश्रणाचा सल्ला अंदाजाने देऊ नये. वाऱ्याच्या दिशेस पाठ करून फवारा, भिजलेले कपडे तत्काळ बदला, अंग साबणाने धुवा आणि चक्कर येताच डबा बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा, एवढे तरी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कानी घालावे.

या मालास आपण सारे ‘औषध’ म्हणतो. निदान गल्ल्यावर बसणाऱ्याने तरी त्यास विष म्हणावे. विक्री चार डब्यांनी घटली तर वर्षाच्या हिशेबात ती भरून निघेल. गेलेल्या जीवाची भरपाई कोणत्याही वहीत होत नाही. अहिंसा परमो धर्मः हे ब्रीद आपल्या पेढीच्या भिंतीवर लावलेले आहेच. ते गल्ल्यावरही पाळले जावे, इतकीच आमची विनंती आहे.