अळिंबी ताटात हवी, डबीत नको

शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावे डिसेंबर २०२४ नंतर देशभर गाजली, ती अचानक पडलेल्या टक्कलांमुळे. अठरा गावांतील पावणेतीनशेच्या आसपास लोकांचे केस गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासून रेशनच्या गव्हातील सेलेनियमच्या अतिप्रमाणाकडे बोट दाखवले. खरे तर सेलेनियम शरीराला हवेच असते. पण रोज जेमतेम ४० ते ५५ मायक्रोग्रॅम. प्रमाण सुटले की पोषक द्रव्यच अपाय करते.

हा धडा आठवण्याचे कारण म्हणजे 'औषधी मशरूम'च्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पावडरी आणि कॅप्सूल. मधुमेह, रक्तदाब, अगदी कॅन्सरही बरा करण्याचे दावे मोबाइलवर फिरत आहेत. त्यात विज्ञान किती आणि बाजार किती, हे वेगळे करायला हवे.

विज्ञान निश्चितच आहे. अळिंबीच्या पेशीभित्तिकेतील बीटा-ग्लुकन हे तंतुमय द्रव्य रोगप्रतिकारक पेशींना चालना देते. धिंगरी अळिंबीत कोलेस्टेरॉल कमी करणारे लोवास्टॅटिन आढळले आहे. याच रेणूला १९८७ मध्ये अमेरिकेत गोळीच्या रूपात मान्यता मिळाली. अर्गोथायोनिन हे पेशींचे रक्षण करणारे द्रव्य आपले शरीर स्वतः बनवू शकत नाही. त्याचा सर्वांत समृद्ध स्रोत अळिंबीच. शिवाय चिरलेल्या अळिंबीला थोडा वेळ उन्हात ठेवले की तिच्यातील अर्गोस्टेरॉलचे ड जीवनसत्त्व होते. शाकाहारी घरांसाठी ही मोठीच सोय.

पण गुणकारी द्रव्य असणे वेगळे आणि औषध असणे वेगळे. जपानमध्ये १९८५ मध्ये शिताके अळिंबीतील लेंटिनानला जठराच्या कॅन्सरवरील उपचारात मान्यता मिळाली, हे उदाहरण विक्रेते आवर्जून देतात. ते शुद्ध केलेले द्रव्य मोजून, इंजेक्शनने आणि केमोथेरपीच्या जोडीला दिले जाते, हे मात्र सांगत नाहीत. धिंगरीतील लोवास्टॅटिनही जातीनुसार आणि कोणत्या कुटारावर पीक घेतले त्यानुसार बदलते. ज्याची मात्रा ठाऊक नाही, त्याच्या भरवशावर डॉक्टरांची गोळी बंद करणे हा जिवाशी खेळ आहे.

आणखी एक गोष्ट शेगावकरांनी विशेष लक्षात घ्यावी. अळिंबी ज्यावर वाढते त्यातील खनिजे शोषून घेते. पंजाबातील सेलेनियमयुक्त जमिनीतल्या गव्हाच्या काडावर धिंगरी वाढवून पाहिली, तेव्हा तिच्यात सेलेनियम साठल्याचे संशोधकांना दिसले. आपल्या सोयाबीनच्या कुटारात दोष आहे असे नव्हे. पण अळिंबी वाळवून, दळून, तिचा अर्क काढून रोज घ्यायचा, तर त्यात काय आणि किती उतरले आहे, हे तपासायला नको का?

कॅन्सर, मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. अन्न व औषध प्रशासनाने तो कागदावर ठेवू नये. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ शेगावपासून हाकेच्या अंतरावर आहे. बचत गटांना आणि तरुण शेतकऱ्यांना कुटार आणि तयार माल तपासून देण्याची सोय तेथे स्वस्तात झाली, तर ग्राहकाचा विश्वास वाढेल आणि उत्पादकाला चार पैसे जास्त मिळतील.

घरात करायचे ते सोपे आहे. खात्रीच्या उत्पादकाची ताजी अळिंबी घ्यावी, नीट शिजवूनच खावी. पावसाळ्यात उगवलेल्या रानछत्र्या ओळख पटल्याशिवाय तोंडात घालू नयेत. विषारी छत्री शिजवूनही विषारीच राहते. आठवड्यातून एक-दोनदा भाकरीसोबत अळिंबीची भाजी हा उत्तम आहार आहे. तिला आहारच राहू द्यावे.