कावळ्याकडे बघणार कोण?

फ्लेमिंगो खाडीत उतरले की आपल्या सगळ्यांच्या स्टेटसवर गुलाबी रंग चढतो. कोणी ऐरोलीला बोटीसाठी नंबर लावतं, कोणी नेरुळच्या तळ्याकाठी मित्राचा कॅमेरा उसना घेऊन पहाटे सहाला उभं राहतं. छानच आहे ते. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली, २०२२ मध्ये ते रामसर स्थळांच्या यादीत गेलं आणि आता कॉलेजची पोरं झोप मोडून पक्षी बघायला जातायत. यात नाक मुरडण्यासारखं काहीच नाही. पण याच पोरांच्या होस्टेलच्या खिडकीवर रोज सकाळी एक पक्षी येऊन बसतो, मान वाकडी करून आत बघतो, डब्यात काय आहे याचा अंदाज घेतो. त्याला आपण काय म्हणतो? ‘हुश्श!’

कावळा कशाला कोण बघेल? तो तर आहेच की.

मला वाटतं, आपल्या शहरी आयुष्यातली मोठी गडबड या ‘आहेच की’मध्ये आहे. आणि ती समजून घ्यायला एक माणूस फार उपयोगी पडतो. तो माणूस म्हणजे आर. के. लक्ष्मण.

लक्ष्मण म्हटलं की आपल्याला ‘कॉमन मॅन’ आठवतो. चौकटीचा कोट, धोतर, नाकावर चष्मा, टकलाभोवती उरलेले चार केस. वरळी सी-फेसला आणि पुण्यात सिम्बायोसिसला त्याचे पुतळे आहेत, त्यांच्यासोबत तुम्ही सेल्फीही काढला असेल. पण लक्ष्मण यांचा आणखी एक लाडका विषय होता, तो म्हणजे कावळा. म्हैसूरला लहानपणी खिडकीतून दिसेल ते काढायचा नाद त्यांना लागला. वाळक्या काटक्या, पालापाचोळा, सरडे, लाकडं फोडणारे गडी आणि समोरच्या घरांच्या छपरांवर नाना पवित्र्यांत बसलेले कावळे. ‘द टनेल ऑफ टाइम’ या आत्मचरित्रात त्यांनी हे लिहून ठेवलंय. नोंद घ्या, मोर नाही, हंस नाही, राजवाड्याच्या शहरात राहूनसुद्धा राजवाडा नाही. छपरावरचा कावळा.

पुढे त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेशासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. प्रवेश देण्याइतकी गुणवत्ता चित्रांत दिसत नाही, अशा अर्थाचं उत्तर आलं. पोराने म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातून बीए केलं आणि नंतर मुंबईतच येऊन, जे. जे. पासून चालत काही मिनिटांवर असलेल्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या इमारतीत बसून पन्नासहून अधिक वर्षं रोज देशाला हसवलं. कट-ऑफ यादीत नाव न दिसल्यावर जग संपलं असं वाटणाऱ्यांनी हा किस्सा जपून ठेवायला हरकत नाही. पण माझा मुद्दा वेगळा आहे. या सगळ्या काळात कावळा त्यांच्या हातातून सुटला नाही. रोजचं राजकीय व्यंगचित्र झालं की हा माणूस कावळे काढायचा. ते काही कोणाच्या मागणीवरून नव्हतं, निव्वळ आवड होती.

का आवडावा कावळा? जरा नीट बघा, म्हणजे कळेल. पहिली गोष्ट, आपला नेहमीचा गावकावळा काळाकुट्ट नसतोच. त्याची मान आणि छाती राखाडी असते आणि उन्हात पंखांवर निळी-जांभळी झाक मारते. पूर्ण काळा, जाड चोचीचा असतो तो डोमकावळा. गावकावळ्याचं शास्त्रीय नाव ‘कॉर्व्हस स्प्लेंडेन्स’ असं आहे आणि त्यातल्या ‘स्प्लेंडेन्स’चा अर्थ होतो तेजस्वी, झळाळणारा. नाव ठेवणाऱ्याने त्याच्याकडे आपल्यापेक्षा नीट पाहिलं होतं, एवढं नक्की.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याची देहबोली. कबूतर एकसारखं डुगडुगत चालतं, घार वर आकाशात गोल फिरते. कावळा मात्र नट आहे. तो तिरका चालतो, संशयाने मागे सरकतो, वायरवर बसून खालच्यांकडे तुच्छतेने बघतो, चोच घासतो, दुसऱ्याने तोंडात काही धरलं की सभ्यपणा सोडून मागे लागतो. ज्याला रोज पुढाऱ्यांचे चेहरे आणि पवित्रे चार रेषांत पकडायचे आहेत, त्याच्यासाठी याहून चांगलं मॉडेल कुठलं? पुन्हा फुकट. आणि माझ्या मते कॉमन मॅन आणि कावळा हे एकमेकांचे नातेवाईकच आहेत. दोघंही सगळीकडे हजर असतात, दोघांना कोणी विचारत नाही आणि दोघांच्या नजरेतून काही सुटत नाही. फरक एवढाच, की कॉमन मॅन तोंड उघडत नाही. कावळा गप्प बसत नाही.

आता आपण कावळ्याशी कसे वागतो ते बघा. लहानपणीच्या गोष्टीत चिऊताईचं घर मेणाचं आणि काऊचं शेणाचं, म्हणजे बालवाडीच्या आधीच निकाल लावून मोकळे. मग म्हणी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही. कोकिळेच्या गळ्याचं केवढं कौतुक, पण ते पिल्लू ज्याच्या घरट्यात, ज्याच्या चोचीतल्या घासावर मोठं झालं, त्या कावळ्याला आपण मूर्ख ठरवून टाकलं. वर्षभर हाकलायचं आणि पितृपक्षात मात्र गच्चीवर पान ठेवून ‘काव काव’ करत त्याची मनधरणी करायची. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की मोठमोठ्या माणसांचे चेहरे पडतात. ज्याच्याकडे आपण बघतही नाही, त्याच्या होकारासाठी अख्खं घर ताटकळतं! श्रद्धा असो वा नसो, यातली गंमत तरी ओळखायला हवी.

तिकडे तो मात्र आपल्याकडे बघत असतो. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक प्रयोग सुरू केला. गुहामानवाचा मुखवटा घालून कॅम्पसमधले काही कावळे पकडले, पायात कडी घालून सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा घालून कोणीही कॅम्पसवर फिरलं, की कावळे कलकलाट करून मागे लागायचे. साधा दुसरा मुखवटा घातला तर काही नाही. वर्षं गेली तरी राग गेला नाही, उलट जे कधी पकडले गेलेच नव्हते तेही त्यात सामील झाले. ते कावळे तिकडच्या जातीचे, हे खरं. पण भाऊबंद याच कुळातले. तेव्हा पुढच्या वेळी ‘हुश्श’ करताना जरा विचार करा.

इथे कोणी म्हणेल, ‘पक्ष्यांवर प्रेम करायचंय ना, मग सोपं आहे. रोज मूठभर दाणे टाका.’ इथेच माझा आक्षेप आहे. मुंबईत २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून काय रण माजलं ते आपण पाहिलं. पालिकेने ताडपत्री टाकली, आंदोलकांनी ती फाडली, प्रकरण कोर्टात. एकीकडे भूतदया, दुसरीकडे विष्ठेच्या धुळीने होणारे फुप्फुसांचे आजार. या भांडणात दोन्ही बाजूंनी कबुतराकडे किती जणांनी खरंच पाहिलं होतं? मुळात ते कड्याकपारींत राहणारं पाखरू. आपल्या इमारतींचे सज्जे आणि एसीचे खोके त्याला कडेकपारीच वाटतात. त्यात खाणं आयतं मिळालं की संख्या वाढणारच. दाणे टाकून पुण्य मिळतं की नाही ते माहीत नाही, पण दाणे टाकणं म्हणजे पक्षी ओळखणं नव्हे.

कबुतराकडे कसं बघावं हे पिकासोने दाखवलंय. त्याचे वडील चित्रकला शिकवायचे आणि कबुतरं हा त्यांचा आवडता विषय. पोरगा स्पेनमधल्या मालागात या कबुतरांतच वाढला. १९४९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेच्या पोस्टरवर त्याचं कबूतर झळकलं आणि जगभर शांततेची खूण ठरलं. ते काही स्वर्गातून उतरलेलं नव्हतं, चित्रकार मातीसने भेट दिलेल्या पाळीव कबुतरावरून काढलेलं होतं. त्याच एप्रिलमध्ये मुलगी झाली, तिचं नाव ठेवलं पालोमा, म्हणजे स्पॅनिशमध्ये कबूतर. १९५७ मध्ये कानच्या घरी वेलास्केझच्या एका गाजलेल्या चित्राशी तो महिनोन् महिने झुंजत होता. मध्येच ते बाजूला ठेवून त्याने खिडकीबाहेरच्या खुराड्यातल्या कबुतरांची नऊ चित्रं काढली. आज ती बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहेत. आपण त्याच पक्ष्यासाठी खिडकीला जाळी लावतो. लावा, आरोग्याचा प्रश्न आहे. पण जाळीतून बघायला तर कोणी अडवलेलं नाही?

‘बघून काय मिळणार? सबमिशन तोंडावर आलंय, लोकल चुकतेय, आणि तुम्ही कावळ्याचं सांगताय!’ प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी चिमणीकडे या. चिमणी दिसेनाशी झाली अशी हाकाटी झाली आणि २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस सुरू झाला. त्यामागे आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांचा पुढाकार होता. मग २०२० मध्ये देशातल्या पक्ष्यांचा एक मोठा अहवाल आला. त्यात दिसलं की देशभरात चिमण्यांची संख्या बरीचशी स्थिर आहे, पण मुंबईसह सहा मोठ्या शहरांत ती घटलीय. हे कळलं कशावरून? हजारो हौशी लोकांनी ‘ई-बर्ड’वर टाकलेल्या याद्यांवरून. त्या याद्यांत फक्त दुर्मीळ पक्षी असते, तर चिमणीचं काय झालं ते कोणालाच सांगता आलं नसतं. कोणीतरी बाल्कनीतून बघून ‘चिमण्या चार, कावळे सहा’ असं कंटाळा न करता लिहिलं, म्हणून ते समजलं. जे रोज दिसतं त्याची नोंद कोणी ठेवत नाही, आणि मग ते गेल्यावर ‘अरे, इथे पूर्वी असायचे’ एवढंच हातात उरतं.

आपल्या गल्लीत आज हेच चाललंय. जुनी बिल्डिंग पाडली जाते, तिच्याबरोबर अंगणातलं झाड जातं, झाडाबरोबर घरटं जातं. कावळा सोशिक, तो तारा आणि हँगर गोळा करून कुठेतरी संसार थाटतो. पण त्याला गृहीत धरायची हिंमत कशाच्या जोरावर करायची? चिमणीलाही आपण असंच गृहीत धरलं होतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. फ्लेमिंगो बघाच, पण महिन्यातून एकदा वहीच्या मागच्या पानावर कावळा काढा. फोटो नको, चित्रच. फोटोत आपण बटण दाबतो आणि पुढे जातो. काढायला बसलं की विचारावं लागतं: चोच कुठे सुरू होते, राखाडी रंग कुठे संपतो, पाय मागे वाकतो की पुढे? ‘मला ड्रॉइंग येत नाही’ ही सबब चालणार नाही. कावळा बिघडला तर तो काही नाव ठेवणार नाही, आणि ‘गुणवत्ता दिसत नाही’ हे तर लक्ष्मण यांनाही ऐकावं लागलं होतं. चित्र जमलं नाही तर ई-बर्डवर आकडा टाका: कावळे, सहा. २००३ मध्ये पक्षाघाताने डावी बाजू लुळी पडल्यावरही त्या माणसाने उजव्या हातातला ब्रश सोडला नाही. आपले दोन्ही हात शाबूत आहेत. अडचण एकच, त्या दोन्ही हातांत मिळून एक मोबाइल आहे. तो पाच मिनिटं खाली ठेवा. खिडकीत बसलेला केव्हाचा तुमच्याकडे बघतोय.