ढाक्याचे वादळ आणि पाटसचा कांदा

ढाक्यातील राजकारणाशी पाटसच्या शेतकऱ्याला काय कर्तव्य, असा प्रश्न पुण्यातील एखादा सुशिक्षित गृहस्थ सहज विचारील. त्याचे उत्तर दौंड-शिरूर भागातील कांद्याच्या चाळींत सापडेल. भारतीय कांद्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांत बांगलादेशाची गणना होते. तेथील मागणी खुंटली की नाशिकचा माल देशातच विक्रीस येतो आणि त्याचा दाब केडगावच्या व पुण्याच्या लिलावांवर पडतो.

५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना यांना पंतप्रधानपद व देश सोडावा लागला. पेट्रापोलच्या सीमेवरील व्यापार ठप्प झाला आणि मालाने भरलेल्या ट्रक तेथेच अडकून पडल्या. व्यापार काही दिवसांतच पुन्हा सुरू झाला. त्या हंगामात देशातील भावही चढे होते, म्हणून धक्का पचला. परंतु दैव दर खेपेस असे अनुकूल असेलच, असे मानण्यास आधार नाही.

हा स्फोट एका दिवसाचा नव्हता. निवडणुकीपुरते तटस्थ काळजीवाहू सरकार नेमण्याची १९९६ मधील तरतूद २०११ मध्ये रद्द झाली. पुढे २०१४ च्या आणि जानेवारी २०२४ च्या निवडणुकांवर प्रमुख विरोधी पक्षाने बहिष्कार टाकला. मतपेटीवरचा विश्वास असा उडाल्यावर, स्वातंत्र्यसैनिकांच्या वंशजांसाठी सरकारी नोकऱ्यांत ठेवलेल्या ३० टक्के राखीव जागांचा वाद ठिणगी ठरला. सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै रोजी हे प्रमाण ५ टक्क्यांवर आणले. पण तोवर रस्त्यांवर रक्त सांडले होते. रीतसर दाद मागण्याची दारे ज्या दिवशी बंद होतात, त्याच दिवशी अस्थिरतेचा जन्म होतो. उठाव हा केवळ तिचा उच्चार असतो.

तथापि, शेजाऱ्याला उपदेश करून आमची सुटका होणार नाही. आमच्या सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये, सप्टेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. पहिल्या बंदीनंतर शेख हसीना यांनी दिल्लीत, आपण स्वयंपाक्याला कांदा वर्ज्य करण्यास सांगितल्याचे थट्टेने बोलून दाखविले आणि पूर्वसूचना तरी द्यावी, अशी विनंती केली. त्या थट्टेत रास्त तक्रार होती. राज्य स्थिर असूनही धोरण अस्थिर असेल, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने दोहोंत फारसे अंतर उरत नाही. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या देशाच्या दारी गेले, की ते परत आणणे सोपे नसते.

शहरातील ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा, ही इच्छा गैर नाही. पण त्या स्वस्ताईची किंमत एकट्या शेतकऱ्याने, तीही पूर्वसूचनेवाचून, का मोजावी? निर्यातीचे धोरण पेरणीपूर्वी जाहीर व्हावे आणि हंगाम संपेपर्यंत पाळले जावे, अशी आमची मागणी आहे. ढाक्यातील वादळ आपल्या हाती नाही. दिल्लीतील लहर मात्र आवरता येण्याजोगी आहे.